पायाच्या अस्थिभंगांचे वर्गीकरण

पायाच्या अस्थिभंगांचे वर्गीकरण म्हणजे खुबा, मांडी, नडगी व घोटा या भागांतील मोडलेल्या हाडांचे प्रकार ठरवण्याच्या पद्धती होत. मोड कोठे आहे, तिची रेषा कशी आहे, तुकडे किती सरकले आहेत आणि वरची त्वचा फाटली आहे काय, यांवरून प्रकार ठरतो. संपूर्ण पायासाठी एकच सर्वमान्य वर्गीकरण नाही. प्रत्येक भागातील धोका वेगळा असल्यामुळे प्रत्येकासाठी स्वतंत्र पद्धती रूढ झाल्या. महाराष्ट्रातील धाराशिव (पूर्वीचे नाव उस्मानाबाद) जिल्ह्यासारख्या भागात रुग्णाला प्रथम पाहणारा डॉक्टर एका गावी आणि शस्त्रक्रिया करणारा दुसऱ्या शहरी असतो. तेथे प्रकाराची नोंद हीच या दोघांमधील भाषा ठरते.

प्राचीन वर्गीकरण

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात भग्नाचे दोन मुख्य भेद सांगितले आहेत: सांधा निखळणे म्हणजे संधिमुक्त (६ प्रकार) आणि हाड मोडणे म्हणजे काण्डभग्न (१२ प्रकार). चूर्णित, वक्र, छिन्न, स्फुटित ही त्यांपैकी काही नावे मोडीच्या आकारावरून पडली आहेत. जखमेसह असलेल्या भग्नाचा तेथे वेगळा विचार आहे. मांडी व पोटरीच्या भग्नासाठी फळीवर खुंट्या ठोकून पाय स्थिर ठेवण्याची ‘कपाटशयन’ ही पद्धतही दिली आहे. क्ष-किरणांपूर्वीच्या काळात बाहेरून दिसणाऱ्या व हाताला लागणाऱ्या लक्षणांवर उभारलेले हे वर्गीकरण आजही समजण्यास सोपे आहे.

उघडा की बंद

आधुनिक उपचारांत पहिला प्रश्न हाडाचा नसून त्वचेचा असतो. मोडीपर्यंत जखम पोहोचली असेल तर तो उघडा अस्थिभंग होय. नडगीचे हाड (अंतर्जंघास्थी) आतल्या बाजूला जेमतेम त्वचेखालीच असल्याने येथे असे भंग विशेष आढळतात. त्यांसाठी गस्टिलो व अँडरसन यांचे १९७६ मधील वर्गीकरण वापरतात. जखम १ सेंटिमीटरपेक्षा लहान व स्वच्छ असल्यास प्रकार १, त्याहून मोठी पण मांसपेशींची फारशी हानी नसलेली असल्यास प्रकार २ आणि विस्तृत हानी असल्यास प्रकार ३. पुढे १९८४ मध्ये प्रकार ३ चे तीन पोटभेद झाले: हाड झाकण्यापुरते मांस उरलेला ‘अ’, दुसरीकडून मांस-त्वचा आणून झाकावे लागणारा ‘ब’ आणि दुरुस्त करावी लागेल अशी रोहिणी तुटलेला ‘क’.

शेतीप्रधान जिल्ह्यासाठी या पद्धतीतील एक नियम महत्त्वाचा आहे. शेतातील माती किंवा शेण लागलेली जखम आकाराने कितीही लहान असली तरी ती प्रकार ३ मध्येच धरली जाते, कारण जंतुसंसर्गाचा धोका जखमेच्या लांबीवर अवलंबून नसतो. अंतिम प्रकार शस्त्रक्रियागृहात जखम धुऊन, मृत ऊती काढल्यावरच ठरवावा, असा संकेत आहे. अपघातस्थळी केलेली नोंद अनेकदा हानी कमी दाखवते. प्रतिजैविक मात्र प्रकार निश्चित होण्याची वाट न पाहता लवकरात लवकर द्यावे लागते.

खुबा

वृद्धांमध्ये, विशेषतः ठिसूळ हाडांच्या स्त्रियांमध्ये, घरातल्या घरात घसरून पडल्यानेही खुबा मोडतो. येथील मुख्य भेद ऊर्वस्थीची मान मोडणे आणि तिच्याखालचा उंचवट्यांचा (ट्रोकँटर) भाग मोडणे असा आहे. बाहेरून दोन्ही रुग्ण सारखेच दिसू शकतात: पाय आखूड झालेला व बाहेर वळलेला. परंतु मानेला चिकटून वर जाणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्या ऊर्वस्थीच्या शिराला रक्त पुरवतात. मान मोडून सरकली की त्या तुटतात व शिर निर्जीव होण्याची भीती असते. खालच्या भागाला रक्तपुरवठा भरपूर असल्याने तेथील हाड सहसा जुळते. तेथे प्रश्न जुळण्याचा नसून वाकडे जुळण्याचा असतो.

मानेच्या भंगासाठी गार्डन यांचे १९६१ मधील चार प्रकार प्रचलित आहेत: अपूर्ण अथवा रुतलेला, पूर्ण पण न सरकलेला, अंशतः सरकलेला आणि पूर्ण सरकलेला. एकच क्ष-किरण चित्र पाहून या चारांपैकी नेमका कोणता, याविषयी तज्ज्ञांमध्ये वारंवार मतभेद होतात. ‘सरकलेला की न सरकलेला’ यावर मात्र बहुधा एकमत होते. उपचारही प्रामुख्याने याच प्रश्नावर ठरतात. न सरकलेला भंग स्क्रूने स्थिर करतात, तर सरकलेल्या भंगात वयस्कर रुग्णाला बहुधा कृत्रिम सांधा बसवतात. त्यामुळे प्रत्यक्ष व्यवहारात चारऐवजी दोनच गट मानणे अधिक उपयुक्त ठरते. पॉवेल्स यांनी १९३५ मध्ये मोडीच्या रेषेचा आडव्या पातळीशी होणारा कोन मोजला होता. ५० अंशांपेक्षा उभी रेषा अस्थिर असते आणि तरुण रुग्णांत हा विचार आजही केला जातो.

मांडी, गुडघा व नडगी

एओ या स्वित्झर्लंडमध्ये १९५८ मध्ये स्थापन झालेल्या गटाने सर्व लांब हाडांसाठी अंकपद्धती आणली. तीत मांडीला ३ व गुडघ्याखालच्या हाडांना ४ हा अंक आहे. दुसरा अंक वरचा (१), मधला (२) किंवा खालचा (३) भाग दर्शवतो. मधल्या भागात ‘ए’ साधा, ‘बी’ पाचरीचा तुकडा निघालेला आणि ‘सी’ अनेक तुकड्यांचा भंग. म्हणजे ‘४२-सी’ एवढ्या नोंदीवरून नडगी मध्यभागी चुरली असल्याचे चित्र न पाहताही कळते. गुडघ्यातील नडगीच्या वरच्या पृष्ठासाठी शाट्झकर यांचे (१९७९) सहा प्रकार वापरतात.

घोटा

घोट्याचे वेबर वर्गीकरण बाहेरच्या हाडाची (बहिर्जंघास्थी) मोड कोणत्या उंचीवर आहे एवढेच पाहते. दोन हाडांना खाली बांधणाऱ्या अस्थिबंधांच्या खाली ‘ए’, त्यांच्या पातळीवर ‘बी’ आणि वर ‘सी’. मोड जितकी वर, तितका हा बंध तुटून घोटा अस्थिर झालेला असण्याचा संभव अधिक. डॅनिश वैद्य लाउगे-हान्सन यांची पद्धत पाऊल कोणत्या स्थितीत होते व बळ कोणत्या दिशेने आले हे शोधते. ती अधिक बोधप्रद, पण पाठ ठेवण्यास अवघड आहे.

१९९३ चा भूकंप

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेश विसर्जनानंतर गावे झोपेत असताना, लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारीबरोबर आजच्या लोहारा तालुक्यातील सास्तूर व उमरगा परिसरातील गावेही उद्ध्वस्त झाली. दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीने जड झालेली माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारोंचा मृत्यू झाला. तेव्हा लातूर वा उस्मानाबाद जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. जवळची अशी महाविद्यालये सोलापूर व अंबाजोगाई येथे होती.

अशा आपत्तीत अस्थिभंगाच्या वर्गीकरणाची मर्यादाही दिसते. बराच वेळ दगडाखाली दबलेल्या पायाचे हाड क्ष-किरणात साधे ‘ए’ प्रकारचे, कधी अखंडही दिसते. परंतु चिरडलेल्या स्नायूंतील द्रव्ये रक्तात मिसळून मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. हा विकार १९४१ मध्ये लंडनवरील बॉम्बहल्ल्यांतील जखमींच्या अभ्यासातून बायवॉटर्स व बील यांनी मांडला. गार्डन, वेबर किंवा एओच्या हाडाच्या अंकांत त्याला जागा नाही. म्हणून ढिगाऱ्यातून काढलेल्या रुग्णाच्या चिठ्ठीवर भंगाच्या प्रकाराबरोबर तो किती तास दबलेला होता, पावलाची नाडी लागते काय आणि लघवीचा रंग कसा आहे, हेही लिहिणे आवश्यक असते.

रुग्णालयीन नोंद

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या संकेतसूचीत ऊर्वस्थीच्या भंगांना एस ७२ (मान ७२.०, ट्रोकँटरचा भाग ७२.१) आणि घोट्यासह पायाच्या खालच्या भागाला एस ८२ हे संकेत आहेत. पुढे ० जोडल्यास बंद व १ जोडल्यास उघडा भंग असा अर्थ होतो. हे संकेत मृत्यू व आजारांच्या आकडेवारीसाठी आहेत. मान किती सरकली हे त्यांतून कळत नाही, त्यामुळे रुग्णाला पुढील रुग्णालयात पाठवताना केवळ संकेत न लिहिता गार्डन किंवा गस्टिलो प्रकार शब्दांत लिहितात व क्ष-किरण चित्र सोबत देतात.