त्रेसष्ट शिलिंगांचा हिशेब

परक्या शहरात उतरलेला माणूस हॉटेलच्या खोलीत बसून जी आकडेमोड करतो (पास एवढ्याचा, सुटी तिकिटं तेवढ्याची, मग वसूल होणार का?) ती लंडनकरांपुढे १८५१ मध्येच आली होती. हाइड पार्कात काचेचा आणि लोखंडाचा अवाढव्य क्रिस्टल पॅलेस उभा राहिला होता. त्यातल्या महाप्रदर्शनाचा हंगामी पास पुरुषांना तीन गिनी, बायकांना दोन. गिनी म्हणजे २१ शिलिंग. तेव्हा पुरुषाचे ६३, बाईचे ४२.

आता दारावरचे दर बघा. २ आणि ३ मे रोजी प्रवेश एक पौंड, म्हणजे २० शिलिंग. ४ तारखेला रविवार, सगळं बंद. सोमवारपासून ५ शिलिंग. रोज हजेरी लावणारा पासवाला शुक्रवारी, ९ मे रोजी, सातव्या फेरीला ६५ शिलिंगांवर पोचतो. पास फिटला, आणि ऑक्टोबरपर्यंतची भटकंती फुकट! त्याच्या बायकोचा पास तर सोमवारीच, तिसऱ्या फेरीला वसूल.

पण जरा दम धरणाऱ्याचं गणित पार उलटं. २६ मेपासून सोमवार ते गुरुवार तिकीट एका शिलिंगावर आलं. त्या दराने पासाचे पैसे फिटायला ६३ खेटे घालावे लागले असते. इतक्या वेळा बघण्यासारखं तिथे होतं तरी काय? पंजाब खालसा करून इंग्रजांनी नेलेला कोहिनूर पिंजऱ्यात ठेवला होता खरा, पण तो हवा तसा चमकत नाही म्हणून पहिल्याच भेटीत पुष्कळांचा हिरमोड झाला.

तरी पास खपले, पंचवीस हजारांच्या आसपास. कारण १ मेला राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते उद्घाटन झालं तेव्हा तिकीट काढून आत जायची सोयच नव्हती. पास असेल तरच प्रवेश. तीन गिनी मोजणाऱ्याने काटकसर विकत घेतली नव्हती, त्या दिवशीची जागा घेतली होती. काटकसर करणारे मागाहून आले, शिलिंगाच्या दिवशी, आगगाड्या भरभरून. सहली काढणाऱ्या एकट्या थॉमस कुकने सुमारे दीड लाख माणसं आणली. कॉर्नवॉलमधली मेरी कॅलिनॅक नावाची चौऱ्याऐंशीच्या घरातली म्हातारी तर पायी चालत लंडनला पोचली. एकूण भेटी साठ लाखांवर गेल्या.

पॅरिसने १९०० च्या प्रदर्शनात निराळा डाव टाकला. २० फ्रँकांचा रोखा घ्या, त्याला प्रवेशाची २० तिकिटं जोडलेली, वर लॉटरीत नशीब आजमावायची संधी. आयोजकांना पैसा आधी मिळाला. गोची पुढे झाली. बाजारात साडेसहा कोटी तिकिटं आली आणि भेटी झाल्या पाच कोटींच्या आसपास. उरलेली तिकिटं रस्त्यावर विकायला निघाली आणि एका फ्रँकाचं तिकीट निम्म्याहून कमी भावात मिळू लागलं. आगाऊ गठ्ठा घेणाऱ्यापेक्षा फाटकाबाहेर घासाघीस करणारा फायद्यात राहिला.

आपल्याकडे एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास काढून चार दिवसांत अर्धा महाराष्ट्र पालथा घालणारे, एका मुक्कामी रात्री दीडला उतरून पहाटे पाचची गाडी पकडणारे वीर भेटतात. पास वसूल करण्याची ही जिद्द लंडनमध्ये मात्र अडखळते. १९९९ च्या सुमारास निघालेल्या, ठरावीक दिवसांपुरत्या चालणाऱ्या लंडन पासवर टॉवर ऑफ लंडन आहे, वेस्टमिन्स्टर ॲबी आहे, आणि एकटा टॉवर नीट बघायचा तर अर्धा दिवस जातो. दिवसाला चार ठिकाणं उरकण्याचा बेत तिथेच कोलमडतो. शिवाय डिसेंबर २००१ पर्यंत तिथल्या मोठ्या राष्ट्रीय संग्रहालयांनी प्रवेशशुल्क काढून टाकलं. ब्रिटिश म्युझियम तर १७५९ मध्ये उघडलं तेव्हाच विनामूल्य होतं. त्यामुळे सकाळी तिथे शिरून रोझेटा शिलेपुढे तासभर रेंगाळलेल्या पाहुण्याच्या खिशातला पास त्या तासापुरता नुसताच सरत असतो.