सायकल आणि कारखान्याचे फाटक

यवतमाळच्या जिनात खेड्याहून येणाऱ्या गड्याने सायकल घेतली म्हणजे तो दिवेलागणीला घरी दिसू लागतो. आम्ही ही गोष्ट लहान मानीत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याचे ४८ तास बांधले, वाट मात्र मोजली नाही. १९७१ साली केरळात सायकलीने पाळीवर निघालेला कामगार फाटकापासून किलोमीटरभर अलीकडे ट्रकच्या धडकेने जखमी झाला. ती इजा नोकरीतील नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले १९९६ साली! २०१० साली राज्य विमा कायद्यात ५१-ई कलम आले, तेव्हा वाट कामात धरली गेली. २०२५ साली धाराशिवकडील साखर कारखान्याच्या रखवालदाराच्या कुटुंबाला १९२३ च्या भरपाई कायद्याखालीही तोच न्याय मिळाला. तो वाटेत गेला होता २००३ साली. मात्र वेळ, जागा व काम यांचा संबंध दिसला पाहिजे. मग मुलीला शाळेत सोडून, वळसा घेऊन फाटकाकडे जाणाऱ्या बापाचे काय? तो वाद आम्हांस अजून लढावयाचा आहे.