खडकवासल्याची कोनशिला आणि पंतप्रधानांच्या घरचे प्राणी

* दिनांक ६ ऑक्टोबर १९४९ रोजी खडकवासला येथे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला पंडित नेहरूंच्या हस्ते बसविण्यात आली. त्या समारंभाच्या वर्णनात लेखकाने पंडितजींच्या प्राणिप्रेमाचा जो ओझरता निर्देश केला आहे, त्याचा थोडा खुलासा येथे आवश्यक वाटतो. जपानी मुलांच्या विनंतीवरून पाठविलेली, कन्येचे ‘इंदिरा’ हे नाव दिलेली हत्तीण टोकियोस पोहोचली, ती या समारंभाच्या अवघी पंधरवडाभर आधी. पुढे आसामात भेट मिळालेले तांबड्या पांडाचे पिल्लू, ‘भीमसा’, प्रथम न्हाणीघरात ठेवले असता टॉवेलाच्या दांडीवर चढून बसू लागले, तेव्हा त्याच्यासाठी बागेत निराळे घर बांधण्यात आले, ‘पेमा’ नावाची जोडीदारीण आणण्यात आली, आणि राज्यकारभाराच्या अखंड रगाड्यातही पंडितजी सकाळ-सायंकाळ त्या जोडप्याची जातीने विचारपूस करीत. उन्हाळ्यात त्यांची रवानगी नैनितालच्या थंड हवेत होई. चरित्रकार असे तपशील किरकोळ समजून गाळतात, हे आम्हांस उचित वाटत नाही. भीम, भैरव व हिडिंबा हे वाघाचे बच्चेही त्या घरी होते. पैकी एक मार्शल टिटोंनी मागून घेतला. महाराष्ट्रास हा जिव्हाळा नवा नाही : सातारच्या छत्रपती शाहू महाराजांचे प्राण वाघापासून वाचविणारा म्हणून आख्यायिकेत अमर झालेल्या ‘खंड्या’ या श्वानाची समाधी माहुलीस कृष्णाकाठी आहे. — संपादक