वायरीचं दुसरं टोक

ई-रीडरची कुळकथा सांगणारे बहुतेक जण पडद्यापासून सुरुवात करतात. अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या संशोधनातून १९९७ साली ई इंक ही कंपनी उभी राहिली. केसाच्या जाडीच्या कुप्यांत पांढरे आणि काळे कण भरायचे, विजेच्या इशाऱ्यावर हवे ते कण वर आणायचे, की झालं पान तयार. वीज लागते ती पान उलटण्यापुरती. पुढे मजकूर फुकट उभा राहतो. गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँचच्या वरच्या डेकवर दुपारी मोबाइलचा पडदा काळाठिक्कर दिसतो, तिथे हे पान उलट जास्तच उजळतं. हे सगळं खरं असलं तरी पडदा हा या घराण्याचा एक पूर्वज. दुसरा पूर्वज वायरीच्या पलीकडच्या टोकाला, म्हणजे संगणकात बसलेला आहे आणि माझ्या मते आपल्यासाठी तोच थोरला.

सप्टेंबर २००६ मध्ये सोनीने अमेरिकेत पीआरएस-५०० हा रीडर बाजारात आणला. सहा इंची पडदा, नेटजोडणी नाही. पुस्तक आत घालायचं तर संगणकाला वायर लावायची आणि सोनीचाच प्रोग्रॅम चालवायचा. तो चालायचा फक्त विंडोजवर. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये भौतिकशास्त्राचं संशोधन करणारे कोविद गोयल लिनक्स वापरत. विकत घेतलेलं यंत्र त्यांच्या संगणकाशी बोलायलाच तयार नव्हतं. तेव्हा वायरीतून काय ये-जा होते, कोणत्या आज्ञेला यंत्र काय उत्तर देतं, हे उलट्या दिशेने उलगडत गोयल यांनी स्वतःचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. ३१ ऑक्टोबर २००६ ही त्याची जन्मतारीख. नाव होतं लिबपीआरएस५००, घरात कुणी हाक मारू शकणार नाही असं. २००८ मध्ये त्याचं बारसं पुन्हा झालं आणि तो कॅलिबर झाला. पुढे या कामाचा पत्ता मुंबई झाला, म्हणजे आमच्या मांडव्याच्या किनाऱ्यापासून एका खाडीपलीकडे.

वायरीचं कोडं सुटल्यावर दुसरं समोर आलं. सोनीच्या यंत्राला सोनीच्याच साच्यातली फाइल लागे आणि त्या साच्यात पुस्तकं होती किती? म्हणून हाताशी असेल ती फाइल घेऊन यंत्राला हवी तशी करून देणारा भाग लिहावा लागला. पुढे यंत्रं वाढली, साचे वाढले आणि हा भागच कॅलिबरचा प्राण झाला. आत काय घडतं ते पाहण्यासारखं आहे. आलेली फाइल आधी उसवून साध्या वेबपानांसारखी केली जाते, मधल्या त्या अवस्थेत तिची दुरुस्ती होते, मग हव्या त्या साच्यात ती पुन्हा शिवली जाते. कुलूप लावून विकलेलं पुस्तक मात्र कॅलिबर उघडत नाही. ते त्याचं काम नव्हे.

आता आपल्या अक्षरांकडे येऊ, कारण मराठी वाचकाची अडचण सोनीपेक्षा जुनी होती. १९९० च्या दशकात आपल्याकडे छापखाने संगणकावर गेले ते तऱ्हेतऱ्हेचे फॉन्ट घेऊन. त्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रं बसवलेली असत. छापील पानावर सगळं सुरेख. तोच मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला आणि फॉन्ट तिथे नसला की इंग्रजी अक्षरांची खिचडी. यात क्रमही डोळ्याचा, जिभेचा नव्हे. ‘अलिबाग’ टंकताना आधी अ, मग वेलांटी, मग ल. ‘कर्जत’मध्ये आधी ज, मग त्याच्यावर रफार. युनिकोडने १९९१ मध्ये देवनागरीला जागा दिली तेव्हा क्रम उच्चाराचा धरला: ल आधी, वेलांटी नंतर, र आधी, त्याचा हलन्त, मग ज. वेलांटी डावीकडे न्यायची आणि रफार डोक्यावर चढवायचा ही हमाली दाखवणाऱ्या यंत्राची. विंडोज २००० पासून संगणकाला ती जमू लागली. सोबत आला ‘मंगल’ हा फॉन्ट, त्याची अक्षरं आपल्या र. कृ. जोशींनी रेखलेली. पण जुन्या फॉन्टांत अडकलेला मजकूर सोडवायचा तर प्रत्येक ऱ्हस्व वेलांटी उचलून तिच्या अक्षरापलीकडे सरकवावी लागते. परिवर्तक नावाचे जे छोटे प्रोग्रॅम मराठी माणसांनी केले, त्यांच्या पोटात मुख्यतः हीच सरकवासरकव आहे.

वाचनयंत्रांनी ही हमाली बरीच वर्षं नाकारली. यंत्रात देवनागरीच नसेल तर ओळीने रिकामे चौकोन. फाइलमध्ये फॉन्ट कोंबला तर अक्षरं दिसत, पण जोडाक्षरं जुळत नसत. ‘म्हसळा’मधला म पाय मोडून ह पासून फटकून उभा आणि ‘श्रीवर्धन’ची तर दोन्हीकडून दैना. ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींना मुलाने परदेशातून रीडर पाठवला होता. मोठ्या हौसेने त्यांनी त्यात मराठी फाइल भरून घेतली आणि उघडून मला विचारलं, “अहो, हे चौकोन काय तोंडी लावायला दिलेत का?”

त्यावर मराठी माणसाने काढलेला तोडगा म्हणजे पीडीएफ. यात अक्षराची जागा आणि चित्र ठरलेलं असतं, फॉन्टही आतच बांधलेला. म्हणून अक्षर मोडत नाही. ठाण्याच्या ई साहित्य प्रतिष्ठानने फुकट मराठी पुस्तकं वाटली ती पीडीएफमध्येच. साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी प्रकाशनं संकेतस्थळावर ठेवली तीही पीडीएफ. पुण्याच्या बुकगंगाने विकत घेतलेली पुस्तकं वाचायला स्वतःचं ॲपच काढलं. पीडीएफने मराठी ई-पुस्तक जगवलं हे मान्य करूनही मला तो साचा रीडरवर आवडत नाही. पीडीएफला परिच्छेद ठाऊक नसतो, फक्त कुठलं अक्षर पानावर कुठे ते ठाऊक असतं. डेमी आकाराचं पान सहा इंचांत बसवलं की मुंग्यांची रांग, मोठं केलं की प्रत्येक ओळीला पान डावीकडून उजवीकडे ढकला. अशी फाइल कॅलिबरमध्ये घालून बदलू म्हटलं, तरी कॅलिबरच्या मार्गदर्शिकेतच पीडीएफ हा बदलायला सगळ्यांत वाईट साच्यांपैकी एक म्हणून सांगितलेला आहे. मजकूर युनिकोडमध्ये मिळाला, तरच इपब, म्हणजे पडद्याच्या मापाने ओळी मांडून घेणारा साचा, करण्यात अर्थ. म्हणून मूळ युनिकोड फाइल हाती असणाऱ्या प्रकाशकाने नुसतं पीडीएफ दिलं की मला खरंच राग येतो.

आमच्या किनाऱ्यावर या खटाटोपाला कारणं आहेत. खारं दमट वारं, जूनपासून बुरशी, बारा महिने कसर. चौलच्या वाडीतल्या कपाटात पाच-सहा पावसाळे काढलेल्या पुस्तकाचं पान उलटलं की नक्षीदार भोकं आणि बांधणीच्या खळीचा आंबूस वास. गुरुजी आता चौकोनांतून सुटलेत. मे महिन्यात घरोघर आगोट भरली जाते, सुकं, तांदूळ, मसाला, लाकूडफाटा. त्याच सुमाराला ते नातवाला संगणकासमोर बसवून वायर जोडतात आणि रीडर भरून घेतात. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूने आत शिरलं. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती, टॉवर मुके. मोबाइल दुसऱ्या दिवशीच मान टाकतो. पान उलटण्यापुरतीच वीज खाणारं यंत्र अशा वेळी आठवडे काढतं, अट एवढीच की पुस्तकं आधी वायरीने आत आलेली हवीत.

ॲमेझॉनचं किंडल २००७ चं, पण मराठी पुस्तकं त्याच्या दुकानात रीतसर आली ती डिसेंबर २०१६ मध्ये, हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळम यांच्या सोबतीने. जोडाक्षरं आता नीट जुळतात. पुस्तक हवेतून येतं, वायर कुणाला आठवत नाही. सोय मोठी आहे, नाकारत नाही. पण २००९ मध्ये याच दुकानाने हक्कांच्या भानगडीवरून जॉर्ज ऑर्वेलची पुस्तकं गिऱ्हाइकांच्या यंत्रांतून परस्पर पुसली होती, तीही नेमकी त्याची. आणि २६ फेब्रुवारी २०२५ पासून विकत घेतलेलं पुस्तक दुकानाच्या संकेतस्थळावरून संगणकावर उतरवून वायरीने किंडलमध्ये टाकायची वाट बंद झाली. आपली स्वतःची फाइल अजून वायरीने जाते. फक्त नवी किंडलं संगणकाला पेनड्राइव्हसारखी दिसत नाहीत, वेगळ्या भाषेत बोलतात आणि मॅक वापरणाऱ्याला मध्ये दुभाषा घ्यावा लागतो. ती भाषाही कॅलिबरला येते.

वायरीचा खरा उपयोग दुकानात नसलेल्या पुस्तकांना. आमच्या रायगड जिल्ह्याचं नाव १९८१ पर्यंत कुलाबा होतं. त्याचं आणि जंजिरा संस्थानाचं गॅझेटिअर मुंबई सरकारने १८८३ मध्ये छापलं, मुंबई गॅझेटिअरचा अकरावा खंड, संपादक जेम्स कॅम्पबेल. बंदरं, मिठागरं, खाजणं, भाताच्या जाती, बेने इस्रायल, सगळं त्यात आहे. त्याचं स्कॅन फुकट मिळतं आणि इंग्रजी असल्यामुळे यंत्राने वाचून काढलेला मजकूरही मिळतो. तो कॅलिबरमध्ये घालून इपब करता येतो, शीर्षकं बांधता येतात, रीडरवर अक्षर हवं तेवढं मोठं होतं. घोळ निघतो तो शोधताना. अलिबाग शोधा, निम्म्या ठिकाणी सापडणार नाही. त्या काळच्या छपाईत दीर्घ आकारासाठी रोमन ‘ए’च्या डोक्यावर तिरकी रेघ देत आणि अशी अक्षरं वाचताना यंत्र हमखास फसतं, रेघवाल्या ‘ए’चा ‘डी’ करून टाकतं. मग अलिबागच्या जागी अलिबड्ग आणि कोल्हापूरच्या जागी कोल्हड्पूर.

कॅलिबरच्या संपादकात शोधा-बदला आहे आणि नुसता शब्द न देता अक्षरांचा नमुनाही त्याला देता येतो. तो नमुना काळजीने बांधावा लागतो. डी दिसला की ए कर, अशी सरसकट आज्ञा दिली तर अलिबाग सुधारेल, पण रेवदंड्यातले दोन्ही ‘डी’ उडून गावाचं रेवाना होईल. म्हणून गावांची यादी आधी हाताने करायची, एकेक नाव घालायचं आणि दर बदलाआधी सापडलेली ओळ वाचून मगच बटण दाबायचं.