घोडे, बैल आणि कोर्टाची पायरी

आमच्या कुडव्यात दोन पक्ष आहेत. निवडणुकीशी दोघांचाही संबंध नाही. एक घोड्यांच्या रेसवाल्यांचा, दुसरा शंकरपटातल्या बैलजोड्यांचा. पहिल्यात मुंबईला नोकरी करून परतलेले आम्ही दोघे-तिघे. दुसऱ्यात उरलेला गाव.

१९४३ची पहिली इंडियन डर्बी ‘प्रिन्सेस ब्युटिफुल’ घोडीने जिंकली, असे आम्ही ऐटीत सांगितले की शेजारचे काका विचारणार, ‘‘भाऊ, तुमची राजकन्या धानाच्या बांधीत उतरत होती का जी?’’

१९९६ साली सुप्रीम कोर्टाने घोड्यांवर पैसे लावणे हा जुगार नसून कौशल्य आहे, असे ठरवले. ‘‘हुशारी घोड्याची का पैसे लावणाऱ्याची?’’ इति काका. पण ७ मे २०१४ला त्याच कोर्टाने, बैलाची शरीररचना घोड्यासारखी शर्यतीची नाही, असे म्हणून पट बंद केले. आम्ही जिंकलो खरे, पण काका गप्प झाले आणि आमच्या घोड्यांतला रामच गेला. चिडवायचे कुणाला?

२०१७मध्ये राज्याने कायदा केला, डिसेंबर २०२१मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ला घटनापीठाने तो कायदा उचलून धरला. पेढे काकांनी वाटले. सगळ्यात जास्त आम्ही खाल्ले.