वासरमान परीक्षा

वासरमान परीक्षा : उपदंश (गरमी) या रोगाच्या निदानासाठी जर्मनीत १९०६ साली योजण्यात आलेली रक्तपरीक्षा. संसर्गात शरीर लिपिडांविरुद्धही प्रतिपिंडे निर्माण करते, ही गोष्ट या परीक्षेच्या अभ्यासातून पुढे आली.

प्रतिजन व प्रतिपिंड यांच्या संयोगात रक्तरसातील ‘पूरक’ हा घटक खर्ची पडतो, असे झ्यूल बॉर्दे व ऑक्ताव्ह झांगू यांनी १९०१ मध्ये दाखविले होते. या तत्त्वावर ऑगस्ट फोन वासरमान, आल्बेर्ट नायसर व कार्ल ब्रुक यांनी ही परीक्षा बसविली. उपदंशाचा सूक्ष्मजंतू १९०५ मध्ये सापडला होता. परंतु तो प्रयोगशाळेत वाढविता येत नसे. म्हणून जन्मजात उपदंश असलेल्या मृतजात अर्भकाच्या यकृताचा अर्क प्रतिजन म्हणून वापरण्यात आला. आढळणारी प्रतिपिंडे त्या सूक्ष्मजंतूविरुद्धचीच आहेत, असा समज होता.

हा समज लवकरच ढासळला. निरोगी प्राण्यांच्या हृदयाचा अल्कोहॉली अर्कही तितकाच उपयोगी पडतो, असे १९०७ मध्ये कार्ल लँडस्टाइनर व इतरांना आढळले. अशा अर्कात मुख्यत्वे लिपिडे उतरतात. त्यांतील क्रियाशील लिपिड मेरी पँगबॉर्न यांनी १९४१ मध्ये गोवंशीय प्राण्यांच्या हृदयापासून वेगळे केले व त्यास ‘कार्डिओलिपिन’ हे नाव मिळाले.

कार्डिओलिपिन कोशिकांतील तंतुकणिकांच्या आतील पटलात व अनेक सूक्ष्मजंतूंच्या पटलांत असते. लहान रेणूचे लिपिड एकटे सहसा प्रतिपिंडनिर्मिती घडवीत नाही; प्रथिनाची जोड मिळाल्यास घडविते. अशा अपूर्ण प्रतिजनास लँडस्टाइनर यांनी १९२१ मध्ये ‘हॅप्टेन’ ही संज्ञा दिली. उपदंशात नाश पावलेली ऊतके व स्वतः सूक्ष्मजंतू या दोहोंपासून हे लिपिड उपलब्ध होते, असे मानतात.

ऊतकनाश इतर रोगांतही होत असल्याने हीवताप, कुष्ठरोग इत्यादींतही परीक्षा होकारात्मक येई व उपदंश नसलेल्यांवर त्याचा शिक्का बसे. प्रत्यक्ष सूक्ष्मजंतूविरुद्धची प्रतिपिंडे ओळखणारी परीक्षा १९४९ मध्ये उपलब्ध झाल्यावर हे प्रमाद उघड करता आले. दीर्घकाळ खोटी होकारात्मक परीक्षा देणाऱ्या काहींना पुढे ल्यूपस हा स्वप्रतिरक्षाजन्य रोग होतो, असे १९५० नंतर दिसून आले. १९८३ मध्ये लंडनमध्ये कार्डिओलिपिनविरोधी प्रतिपिंडांच्या मापनाची संवेदनशील पद्धत प्रसिद्ध झाली व रक्तवाहिन्यांत गुठळ्या होणे आणि वारंवार गर्भपात यांच्याशी त्यांचा संबंध स्पष्ट झाला.

मूळ परीक्षा मागे पडली असली, तरी कार्डिओलिपिनावर आधारलेल्या सुटसुटीत परीक्षा अद्याप वापरात आहेत. उपचारानंतर या प्रतिपिंडांचे प्रमाण घटत असल्याने गुण आल्याचे त्यांवरून समजते.