१०, किंग हेन्रीज रोड : एका जुन्या घराच्या खरेदीचा इतिहास

जुने घर विकत घेण्याचा प्रसंग आला की आपल्याकडील वडीलधारी मंडळी दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहत असत. एक म्हणजे कागदपत्रे आणि दुसरी म्हणजे तुळया. कागद स्वच्छ असेल आणि लाकूड निरोगी असेल, तर उरलेले सारे विटा-चुन्याने भागते, असा त्यांचा रोकडा हिशेब असे. मात्र जे घर राहण्यासाठी नव्हे, तर तेथे पूर्वी कोणी तरी राहिले होते एवढ्याचसाठी घ्यावयाचे, तेथे हा हिशेब अपुरा पडतो. घेतलेल्या घराचे पुढे काय करावयाचे, हा तिसरा प्रश्न तेथे उभा राहतो. सार्वजनिक न्यासांचा कारभार पाहिलेल्या कोणासही हा प्रश्न परका वाटणार नाही. महाराष्ट्र शासनाने लंडन येथे घेतलेल्या एका घराची हकीकत या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे.

वायव्य लंडनमधील प्रिमरोझ हिल या टेकडीच्या परिसरात किंग हेन्रीज रोड नावाचा रस्ता आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील विटांची घरे तेथे ओळीने उभी आहेत. त्यांपैकी दहा क्रमांकाच्या घरात १९२१-२२ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहत होते. घर त्यांचे नव्हते, ते तेथे भाड्याने राहणारे विद्यार्थी होते. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे अर्धवट सोडावे लागलेले शिक्षण पुरे करण्यासाठी ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला आले होते. सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीच्या वेतनातून साठविलेले पैसे, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राची उसनवारी यांवर हा संसार चालला होता. इकडे रमाबाई परळच्या चाळीत काटकसरीने दिवस काढीत होत्या. तिकडे बाबासाहेब सकाळी ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जात, ते बंद होईपर्यंत वाचन करीत आणि रात्री खोलीवर परतून पुन्हा पुस्तकात डोके घालीत. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा सुप्रसिद्ध प्रबंध याच वर्षांतील परिश्रमांचे फळ होय. बॅरिस्टरीचा अभ्यासही याच काळात पुरा झाला.

येथे मुंबईच्या मणिभवनाची आठवण होते. गावदेवीच्या लॅबर्नम रोडवरील ती वास्तू रेवाशंकर जगजीवन झवेरी यांची. श्रीमद् राजचंद्र ज्यांच्या पेढीत भागीदार होते, तेच हे गृहस्थ. १९१७ पासून १९३४ पर्यंत गांधीजी मुंबईत आले की तेथे उतरत. १९५५ साली ती वास्तू स्मारकासाठी गांधी स्मारक निधीकडे आली. तेथे यजमान भक्त होता आणि पाहुणा जगप्रसिद्ध होता, त्यामुळे घराला आपल्या भाग्याची जाणीव आरंभापासूनच होती. लंडनच्या घराचे तसे नव्हते. एक हिंदी विद्यार्थी आला, राहिला, निघून गेला. पुढे त्या घराचे मालक बदलत राहिले. १९९१ मध्ये बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी घराच्या दर्शनी भिंतीवर त्यांच्या वास्तव्याची नोंद करणारा फलक बसविण्यात आला, एवढीच काय ती खूण.

२०१४ मध्ये हे घर विक्रीस निघाले. ब्रिटनमधील आंबेडकरी व बौद्ध संघटनांनी ही वार्ता महाराष्ट्र शासनाच्या कानी घातली आणि ते विकत घेण्याची गळ घातली. किंमत होती सुमारे ३१ लाख पौंड, म्हणजे त्या वेळच्या दराने ३० कोटी रुपयांहून अधिक. एवढी रक्कम परदेशातील एका घरासाठी खर्चावी काय, हा प्रश्न साहजिक होता. ज्याने उपासमार सोसून तेथे अभ्यास केला, त्याला स्वतःला हा व्यवहार कितपत रुचला असता, असेही कोणी विचारील. माझ्या मते त्याचे उत्तर बाबासाहेबांनी स्वतःच दादरला देऊन ठेवले आहे. हाती पैसा येताच त्यांनी ‘राजगृह’ बांधले, ते मुख्यत्वे ग्रंथांसाठी! विद्येसाठी वास्तू लागते, हे त्यांना मान्यच होते. शासनाकडून निर्णयास आणि पैसे भरण्यास विलंब होत गेला. लंडनसारख्या शहरात असे घर दुसऱ्या कोणाच्या हाती जाण्यास वेळ लागत नाही. तरीही अखेर २०१५ मध्ये व्यवहार पूर्ण झाला आणि १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटन झाले.

पुढे डागडुजी झाली. खोल्यांतून छायाचित्रे आणि ग्रंथ मांडले गेले आणि दूरदूरचे लोक दर्शनास येऊ लागले. कागद स्वच्छ होते, भिंती धड होत्या. अडले ते तिसऱ्या प्रश्नापाशी. इंग्लंडमध्ये राहत्या घराचे संग्रहालय करावयाचे तर मालकी पुरेशी नसते, वापर बदलण्याची स्वतंत्र परवानगी स्थानिक नगरपरिषदेकडून घ्यावी लागते. ती घेतलेली नव्हती. दोघा शेजाऱ्यांनी तक्रार केली. २०१८ च्या आरंभी मागाहून परवानगीसाठी अर्ज करण्यात आला आणि त्याच वर्षी कॅम्डेन नगरपरिषदेने तो फेटाळला. शहरात राहत्या घरांची टंचाई असताना एक घर कमी होणे धोरणास धरून नाही, असे तिचे म्हणणे. आपल्याकडे या निर्णयाने संताप झाला, तो समजण्यासारखा आहे. परंतु तटस्थपणे पाहता नगरपरिषदेचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. एका कुटुंबाचे छप्पर आणि एका समाजाची स्मृती यांना एकाच तराजूत तोलावयाचे होते, आणि असा तराजू सोपा नसतो. खरेदीपूर्वीच ही विचारणा झाली असती तर पुढची दगदग टळली असती, एवढे मात्र म्हणावेसे वाटते.

शासनाने अपील केले. सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर चौकशी झाली. हे घर नेहमीसारखे घर नाही, येथे येणाऱ्यांना ते ज्ञानतीर्थ वाटते, ही बाजू तेथे मांडली गेली. मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारचे गृहनिर्माणमंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी अपील मान्य करून संग्रहालयास परवानगी दिली. त्याच महिन्यात करोनाच्या साथीमुळे ब्रिटनमध्ये टाळेबंदी जाहीर झाली आणि पाच वर्षांच्या खटपटीनंतर रीतसर संग्रहालय ठरलेल्या त्या घराचे दार काही काळ मिटूनच राहिले. दर्शनी भिंतीवरचा १९९१ चा फलक तेवढा रस्त्यावरून वाचता येत होता.